न छापलेली मुदत

मासळी बाजारात बांगडे घेणारी गृहिणी कल्ले उघडून लाली पाहिल्याखेरीज पैसे मोजीत नाही. औषधाची पट्टी घेताना ज्याला वाचता येते तो मागची मुदत वाचतो आणि ज्याला येत नाही तो दुसऱ्याकडून वाचवून घेतो. दुधाची पिशवी, बिस्किटांचा पुडा, इतकेच काय पण स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर, या साऱ्यांवर कोणती ना कोणती तारीख असते आणि ती पाहण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क कोणी नाकारीत नाही. परंतु दहा-पंधरा हजार रुपये मोजून, पुष्कळदा हप्त्याने, जो स्मार्टफोन आपण घरी आणतो त्याच्या खोक्यावर सर्वांत महत्त्वाची तारीख तेवढी छापलेली नसते. कॅमेऱ्याची ताकद, बॅटरीचा आकार, किंमत, निर्मितीचा महिना हे सर्व तेथे असते. हा फोन कोणत्या दिवसापर्यंत सुरक्षित ठेवला जाईल, एवढे मात्र नसते. या न छापलेल्या मुदतीसंबंधी चार शब्द लिहिणे आम्हांस आज अगत्याचे वाटते.

पंधरा वर्षांपूर्वी हा विषय काही हौशी लोकांचा म्हणून बाजूस सारता आला असता. आज ती स्थिती राहिलेली नाही. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीच्या टोपलीपाशी, रिक्षाच्या काचेवर, देवळाच्या दानपेटीवर पैसे स्वीकारण्याचे ते चौकोनी चिन्ह आता चिकटविलेले दिसते. बँकेचे पासबुक, आधारचा क्रमांक, निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश, मुलांचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, सारे काही त्या तळहाताएवढ्या यंत्रात येऊन बसले आहे. ज्या पेटीत संसाराचा एवढा ऐवज ठेवला, तिचे कुलूप किती दिवस टिकणार हे विचारणे ही साधी प्रापंचिक सावधगिरी आहे.

हे कुलूप म्हणजे काय, ते प्रथम पाहू. फोनमध्ये जी मूळ आज्ञावली सर्व कारभार चालविते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पडद्यावर बोट ठेवले की काय घडावे, कोणत्या ॲपला कोणती माहिती दिसावी, कोणाला कॅमेरा वापरू द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे सारे तीच ठरविते. आज जगातील बहुतेक फोन दोन आज्ञावलींवर चालतात. एक ॲपल कंपनीची आयओएस, जी केवळ तिच्याच आयफोनवर चालते. आणि दुसरी गूगलची अँड्रॉइड, जी अनेक कंपन्या आपापल्या फोनवर बसवितात. या आज्ञावली कोट्यवधी ओळींच्या असतात, त्या माणसांनी लिहिलेल्या असतात आणि म्हणून त्यांत चुका राहतात. काही चुका निरुपद्रवी असतात, तर काही अशा की त्यांतून परक्या माणसाला आत शिरता येते. अशी चूक ध्यानात आली की कंपनी ती बुजविणारी दुरुस्ती तयार करून फोनवर पाठविते. तिलाच सिक्युरिटी अपडेट म्हणतात.

येथे एक घोटाळा नेहमी होतो, तो दूर करणे इष्ट. अपडेट दोन प्रकारचे असतात. एक नव्या आवृत्तीचा. त्यात नवी रचना, नव्या सोयी, नवे नाव येते. अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना तर गूगलने बराच काळ गोड पदार्थांची नावे दिली. २००९ च्या कपकेकपासून २०१८ च्या पायपर्यंत ही पंगत चालली, आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून जाहीर नाव केवळ आकड्याचे राहिले. दुसरा प्रकार सुरक्षेच्या दुरुस्तीचा. त्यात डोळ्यांना दिसेल असा बदल बहुधा काहीच नसतो. पहिला प्रकार मिळाला नाही तर गिऱ्हाइकाची हौस राहते. दुसरा मिळाला नाही तर त्याच्या घराची कडी सैल राहते. जाहिराती पहिल्याविषयी भरभरून बोलतात आणि दुसऱ्याविषयी बेताने.

खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दुरुस्त्यांचे मोल वेगळे सांगावयास नको. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेताचे रक्षण करणारा बांध एकदा घातला आणि विसरून गेले, असे कधी होत नाही. कुर्ल्या त्यात भोके पाडतात, भरतीचे पाणी मातीची झीज करते, मानशीच्या फळ्या कुजतात. म्हणून बांधावर लक्ष ठेवावे लागते, चिखल लिंपावा लागतो, फळ्या बदलाव्या लागतात. ज्या ठिकाणी ही डागडुजी थांबली तेथे बांध त्याच दिवशी फुटला नाही. पण एका रात्रीच्या मोठ्या भरतीत फुटला आणि खारे पाणी शेतात शिरले. फोनच्या आज्ञावलीची गोष्ट अशीच आहे. दुरुस्त्या थांबल्या म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. तो लागतो, वाजतो, फोटो काढतो, पैसेही पाठवितो. त्यामुळेच त्याचा बांध आता कोणी राखीत नाही, हे धन्याला कळत नाही.

भरतीचे पाणी कसे शिरते याचा एक दाखला २०१५ च्या जुलैत जगाने पाहिला. अँड्रॉइडमध्ये चित्रफिती दाखविणारा स्टेजफ्राइट नावाचा एक भाग आहे. त्यात असे छिद्र सापडले की, विशिष्ट तऱ्हेने घडविलेला एक चित्रसंदेश नुसता फोनवर आला तरी परक्याला आत वाट मिळावी. संदेश उघडावयाचीही गरज नव्हती. झिम्पेरियम या संस्थेचे संशोधक जोशुआ ड्रेक यांनी हे छिद्र उजेडात आणले तेव्हा सुमारे ९५ कोटी फोन त्याच्या कक्षेत असल्याचे सांगण्यात आले. गूगलने दुरुस्ती तयार केली. परंतु ती फोनपर्यंत पोचवावयाची कशी, हा खरा पेच होता. कारण अँड्रॉइडची दुरुस्ती गूगलकडून निघते, मग फोनमधील चिप बनविणाऱ्या कंपनीने आपल्या भागाची तजवीज करावी लागते, त्यानंतर फोन बनविणाऱ्या कंपनीने ती आपल्या प्रत्येक नमुन्यास जुळवून तपासावी लागते, आणि काही देशांत दूरध्वनी सेवा देणाऱ्या कंपनीची संमतीही घ्यावी लागते. या साखळीतील एखादी कडी थांबली की शेवटच्या माणसाच्या हाती काहीच पडत नाही. स्टेजफ्राइटनंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगल व सॅमसंग यांनी दरमहा दुरुस्त्या देण्याची पद्धत घातली. पुढे २०१७ च्या आठव्या आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत गूगलने आज्ञावलीची मांडणी अशी बदलली की, काही दुरुस्त्या या लांबच्या साखळीतून न जाता लौकर पोचाव्यात. सुधारणा झाली हे मान्य केलेच पाहिजे. पण साखळी नाहीशी झाली नाही.

दुरुस्ती प्रसिद्ध होण्यातच एक विलक्षण धोका दडलेला आहे, तो सामान्य वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. कंपनी जेव्हा अमुक छिद्र बुजविले असे जाहीर करते, तेव्हा ते छिद्र कोठे होते हेही जगाला समजते. ज्यांच्या फोनवर दुरुस्ती पोचली ते वाचले; ज्यांच्यावर पोचणार नाही त्यांच्या घराचा नकाशा मात्र चोराच्या हाती आयता पडला. संगणकांच्या बाबतीत याचे प्रत्यंतर १२ मे २०१७ रोजी आले. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक अडवून धरले. ज्या छिद्रातून ती शिरली त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच प्रसिद्ध केलेली होती. तरीही ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रोग्यांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नोंदला आहे. विंडोज एक्सपी या २०१४ मध्येच मुदत संपलेल्या आवृत्तीसाठी कंपनीने त्या वेळी अपवाद म्हणून दुरुस्ती काढली, परंतु ती संकट कोसळल्यावर. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

आता मुदतीचे आकडे पाहू. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आणलेल्या आयफोन ५एस या फोनला जानेवारी २०२३ मध्येही एक सुरक्षा-दुरुस्ती मिळाली. म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ कंपनीने त्याची विचारपूस केली. अँड्रॉइडच्या जगात अशी स्थिती पुष्कळ काळ नव्हती. तथापि ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे वचन दिले. हे स्वागतार्ह आहे. परंतु हे फोन कोणाच्या खिशात असतात? त्यांच्या किमती साठ-सत्तर हजारांच्या घरातल्या किंवा त्यावरच्या. स्वस्त फोनांपैकी कित्येकांना दोन-तीन वर्षांपलीकडे काही मिळत नाही, आणि मिळते तेही दरमहा नव्हे, तर तिमाहीस किंवा कंपनीच्या सवडीने. खुद्द गूगलही जुन्या आवृत्त्यांची निगा कायम राखीत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ साठी दुरुस्त्या काढणे त्याने मार्च २०२५ अखेर थांबविले. ज्यांचा फोन त्या आवृत्तीवरच अडकून राहिला, त्यांच्यासाठी मूळ विहिरीचेच पाणी बंद झाले.

यापेक्षाही मोठी मेख मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची यात आहे. गिऱ्हाईक समजते की आपण विकत घेतले त्या दिवसापासून. कंपनी बहुधा मोजते ती तो नमुना बाजारात प्रथम आला त्या दिवसापासून. उदाहरणार्थ, जानेवारी २०२३ मध्ये निघालेल्या एखाद्या फोनला तीन वर्षांची मुदत आहे असे धरू. दुकानदाराने तो २०२४ च्या दिवाळीत भरघोस सवलतीने विकला. घेणाऱ्याच्या वाट्याला तीन वर्षे आली का? त्याला जेमतेम चौदा महिने मिळाले. तोच फोन अठरा महिन्यांच्या हप्त्याने घेतला असेल, तर शेवटचे चार हप्ते तो मुदत संपलेल्या मालाचे भरील. सवलतीचे गुपित पुष्कळदा येथेच असते आणि ते गिऱ्हाइकाला सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर नाही.

या हिशेबाचा भार शेवटी कोणावर पडतो, याचा विचार आमच्या वाचकांनी आपापल्या घरात डोकावून करावा. नोकरीनिमित्त आखातात असलेला किंवा तारवावर गेलेला मुलगा सुटीवर येताना स्वतःसाठी नवा फोन आणतो आणि जुना वडिलांना देतो. वडिलांचा आईकडे जातो. आईने वापरलेला पुढे घरकामास येणाऱ्या बाईच्या हाती जातो. आपल्या काटकसरी संसाराची ही चांगली रीत आहे. वस्तू टाकून न देता वापरणे यात काही गैर नाही. पण फोन जसजसा खालच्या पायरीवर उतरतो तसतशी त्याची मुदत संपत आलेली असते आणि वापरणाराची सावधगिरीची साधनेही कमी होत जातात. ज्या विधवेचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात येते, ते खाते तिच्या हातातील सर्वांत जुन्या फोनला जोडलेले असते. ज्याला एक हजार रुपये गेले तर महिना कसा काढावा याची भ्रांत पडते, त्याच्याच पेटीचे कुलूप गंजलेले, आणि ज्याचे लाख गेले तरी चालेल त्याचे कुलूप दरमहा तेल घातलेले, अशी ही विषमता आहे.

सरकारच्या दारीही ही विचारणा झालेली दिसत नाही. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये कामासाठी स्मार्टफोन देण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांतील हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. फोन मंद चालतात, त्यांत जागा पुरत नाही, नवे ॲप त्यावर धड चालत नाही आणि दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी पडतो, अशी त्यांची तक्रार होती. सुरक्षा-दुरुस्त्या हा त्यांच्या तक्रारीचा मुद्दा नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. परंतु मूळ एकच आहे. सार्वजनिक पैशातून हजारो फोन घेताना ते किती वर्षे कामाचे राहतील, हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारावयास हवा होता. ज्या उपकरणात गावातील बालकांची व गरोदर मातांची माहिती भरली जाते, त्याच्या कुलपाची मुदत पाहणे तर दुप्पट अगत्याचे.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेणे न्यायाचे होईल. त्या म्हणतात, आठ-दहा हजारांच्या फोनवर नफा तो किती. त्यात प्रत्येक नमुन्यासाठी वर्षानुवर्षे माणसे कामाला लावणे परवडत नाही. शिवाय चिप बनविणाऱ्याने हात वर केले की आमचाही इलाज चालत नाही. यात तथ्य आहे, पण ते अर्धे. नेदरलँड्समधील फेअरफोन या लहानशा कंपनीने २०१५ मध्ये काढलेला आपला दुसरा फोन मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांवर, दुरुस्त केला. चिपच्या निर्मात्याने साथ सोडल्यानंतरही आज्ञावलीचे काम त्यांनी स्वतः पुढे नेले. नंतर २०२३ मध्ये पाचव्या फोनसाठी त्यांनी मुद्दाम कारखान्यांतील यंत्रांत वापरली जाणारी, दीर्घ मुदतीच्या निगेची चिप निवडली. बलाढ्य कंपन्यांना जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते एका छोट्या कंपनीने केले, याचा अर्थ इच्छेचाही प्रश्न आहे. आणि खर्च परवडत नसेल तर मुदत थोडी ठेवा. परंतु ती थोडी आहे हे सांगा तरी! आमची तक्रार मुदत आखूड असण्यापेक्षा ती झाकून ठेवण्याबद्दल अधिक आहे.

केवळ कंपनीच्या शब्दावर विसंबून राहणेही पुरेसे नाही. बर्लिनमधील सिक्युरिटी रिसर्च लॅब्ज या संस्थेने २०१८ मध्ये अनेक अँड्रॉइड फोनांची तपासणी केली. तेव्हा काही कंपन्यांच्या फोनवर अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या आहेत असे दाखविले जाई, पण प्रत्यक्षात त्यांतील काही दुरुस्त्या आत नसत, असे आढळून आले. त्याच वर्षी इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. कारण त्यांनी जुन्या फोनवर जे अपडेट घ्यावयास लावले त्यांनी ते फोन मंदावले होते. म्हणजे अपडेट न देणे हा जसा दोष, तसा गिऱ्हाइकास अंधारात ठेवून भलताच अपडेट देणे हाही दोषच. या अनुभवामुळे पुष्कळ लोक अपडेट म्हटले की नाक मुरडतात आणि "नंतर" या शब्दावर बोट ठेवतात. त्यांचा अविश्वास समजण्यासारखा आहे, मात्र त्याचा तोटा त्यांनाच होतो.

मग गिऱ्हाइकाने न्यायालयाचे दार ठोठवावे काय? हेही करून झाले आहे. नेदरलँड्समधील ग्राहक संघटना कॉन्सुमेंटेनबॉन्ड हिने २०१६ मध्ये सॅमसंगवर दावा लावला की, फोन विकल्याच्या तारखेपासून निदान दोन वर्षे अपडेट मिळालेच पाहिजेत. ३० मे २०१८ रोजी हेगच्या न्यायालयाने तो फेटाळला. पुढे घडावयाच्या कृतींबद्दल आज असा आदेश मागता येणार नाही, असे त्याने म्हटले. निकालाचा बोध स्पष्ट आहे. जेथे कायद्यात कर्तव्य लिहिलेले नाही तेथे न्यायासनालाही मर्यादा पडतात. कर्तव्य आधी कायद्यात यावे लागते.

युरोपने हा बोध घेतला. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार जोडणीक्षम उपकरणे विकणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला किमान किती काळ सुरक्षा-दुरुस्त्या देणार ते जाहीर करावे लागते. नियम मोडल्यास एक कोटी पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी अधिक असेल तिथवर दंड होऊ शकतो. मुदत किती असावी हे ब्रिटनचा कायदा सांगत नाही. ती उघड असावी एवढेच सांगतो. पण तेवढ्याने काय झाले पाहा. ज्या ॲपलने मुदतीचा आकडा आगाऊ सांगण्याचे आजवर टाळले होते, तिलाही तेथे आपल्या फोनसाठी किमान पाच वर्षे असा आकडा लिहून द्यावा लागला. युरोपीय संघ याहून पुढे गेला. २० जून २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नियमाप्रमाणे नमुन्याचा शेवटचा नग बाजारात ठेवल्यापासून पुढे किमान पाच वर्षे अपडेट विनामूल्य उपलब्ध असले पाहिजेत, आणि मूळ दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर सुरक्षेचा अपडेट चार महिन्यांच्या आत पोचला पाहिजे. मोजणी पहिल्या दिवसाऐवजी शेवटच्या नगापासून करणे, हे त्यातील मर्म. मात्र त्या कलमात निर्मात्याने अपडेट "दिल्यास" अशी शब्दयोजना आहे, आणि त्या एका शब्दातून पळवाट काढणाऱ्यांची वाण नाही. आपण कायदा करताना हा धडा गिरवावा. ११ डिसेंबर २०२७ पासून त्याच संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा पूर्णपणे लागू व्हावयाचा आहे. त्यातही निगेची मुदत सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांची धरली आहे.

आपल्याकडे काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही उघडले. फोन व इतर उपकरणे किती सुलभतेने दुरुस्त करता येतात याचा निर्देशांक ठरविण्याचे काम पुढे दुसऱ्या समितीकडे दिले गेले व तिने २०२५ मध्ये अहवाल सादर केला. दिशा योग्य आहे. परंतु सुरक्षा-दुरुस्त्यांची शेवटची तारीख खोक्यावर छापण्याची सक्ती या साऱ्यांतून आलेली नाही. २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी संस्था अँड्रॉइडमधील छिद्रांबद्दल वेळोवेळी इशारे देते, आणि प्रत्येक इशाऱ्याच्या अखेरीस उपाय सांगते की, कंपनीने दिलेला अपडेट बसवावा. ज्या फोनला अपडेट येणेच थांबले त्याच्या धन्याने या सल्ल्याचे काय करावे?

आम्ही सुचवितो तो उपाय साधा आहे आणि त्यासाठी नवे खाते किंवा नवा कायदाही लागत नाही. पुडक्यातील मालावर किंमत, निर्मितीचा महिना व तक्रारीचा पत्ता छापावयास लावणारे लीगल मेट्रॉलॉजीचे २०११ चे नियम अस्तित्वात आहेत. त्यांत फोनपुरती एक ओळ घालावी: "या फोनला सुरक्षा-दुरुस्त्या अमुक तारखेपर्यंत मिळतील." वर्षे नकोत, महिने नकोत, दिवस, महिना, साल अशी तारीख हवी, म्हणजे मोजणीचा घोळ उरत नाही. ती मराठीसह गिऱ्हाइकाच्या भाषेत हवी आणि संकेतस्थळावरील विक्रीत किमतीच्या शेजारी हवी. हे अशक्य म्हणणाऱ्यांना आम्ही आठवण देऊ इच्छितो की, फोनच्या किरणोत्सर्जनाची मर्यादा किलोमागे १.६ वॅट अशी कडक करून सरकारने ती १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली, तेव्हाही बाजार बंद पडला नव्हता. दुसरे पाऊल म्हणजे सरकारी खरेदी. शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, पोलीस यांच्यासाठी फोन वा टॅब घेताना खरेदीच्या दिवसापासून किमान पाच वर्षांची लेखी हमी निविदेत मागावी. एवढा मोठा गिऱ्हाईक अट घालू लागला की विकणारे आपोआप शिस्तीत येतात.

तोवर वाचकांनी स्वतःपुरते काही करणे शक्य आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये "फोनविषयी" या सदरात सिक्युरिटी पॅच किंवा सुरक्षा-अपडेट अशा नावाने एक तारीख दिसते. ती आज रात्री पाहावी, आपली आणि घरातील वडीलधाऱ्यांचीही. ती दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल तर ठीक. अपडेट येऊन पडला असेल तर तो बसवून घ्यावा. तारीख वर्षाहून जुनी असेल आणि नवा अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर भजने ऐकावीत, नातवंडांशी बोलावे, फोटो काढावेत. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर ठेवू नयेत, आणि ठेवावेच लागले तर त्याला जोडलेल्या खात्यात गरजेपुरतीच रक्कम असू द्यावी. नवा अथवा वापरलेला फोन घेताना दुकानदाराला तारीख विचारावी. त्याला माहीत नसेल तर त्याने कंपनीला विचारावे. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्याला उत्तर तयार मिळते.

एवढे केले म्हणजे सर्व धोके टळले, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडील पुष्कळ फसवणूक आज्ञावलीच्या छिद्रातून होत नाही. ती बोलण्याच्या भुलीतून होते. बँकेतून बोलतो असे सांगून ओटीपी विचारणारा, लग्नपत्रिकेच्या नावाने भलतेच ॲप पाठविणारा, अटकेची भीती घालणारा, यांना नव्यातला नवा फोनही अडवू शकत नाही. तेथे आपली सावध बुद्धीच कामी येते, आणि तरीही पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळविणे. पण माणसाने स्वतः सावध राहावे, हा उपदेश कंपनीच्या कर्तव्याच्या जागी बसविता येत नाही. घरमालकाने रात्री दार लावावे हे खरे. परंतु दार विकणाऱ्याने बिजागरी कधी निखळेल ते आधी सांगावयास नको काय?

या प्रश्नाला आणखी एक अंग आहे, ते जाता जाता सांगतो. चांगला चालणारा फोन केवळ दुरुस्त्या थांबल्या म्हणून टाकून द्यावा लागणे, हा पैशाचा आणि पृथ्वीच्या ठेव्याचाही अपव्यय आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. पण कचरा गोळा करण्याचे नियम करण्यापेक्षा वस्तू दोन वर्षे अधिक चालविणे केव्हाही शहाणपणाचे. मुदतीची तारीख खोक्यावर आली की कंपन्यांत किमतीबरोबर मुदतीचीही चढाओढ लागेल, आणि त्या चढाओढीचा फायदा शेवटी साठ हजारांच्या फोनवाल्यापेक्षा आठ हजारांच्या फोनवाल्याला अधिक होईल.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन प्रतिनिधी आहेत. पक्ष कोणताही असो, त्यांच्या मतदारांच्या घराघरांत आज फोन आहे आणि त्या फोनमध्ये कष्टाचा पैसा आहे. संसदेच्या येत्या अधिवेशनात त्यांनी ग्राहक व्यवहार मंत्र्यांना एकच प्रश्न विचारावा: भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनच्या खोक्यावर सुरक्षा-दुरुस्त्यांची अखेरची तारीख छापण्याची सक्ती सरकार केव्हापासून करणार? आम्हांला उत्तरात अभ्यासगट, समिती वा विचाराधीन हे शब्द नको आहेत. उत्तरातही एक तारीखच हवी.